कोऱ्या चेहऱ्याचं पान

रोहा,
१२ जानेवारी २०२५

मृणालीस,

सलाम. घरी सगळे ठीक आहेत. थंडीमुळे अब्बांचा गुडघा कुरकुरतो. तमीमचं धाटावच्या नाक्यावरचं मोबाइलचं दुकान बऱ्यापैकी चाललंय. माझी शाळा चालू आहे आणि वजाला वजाने गुणलं की अधिक का होतं, हे आठवीच्या वर्गाला अजून पटलेलं नाही. तुझे सासरे हिरामणकाका बरे असतील. तुझे यजमान मिथुनभाऊ कंपनीतली शिफ्ट सुटली की तमीमच्या दुकानात टेकतात, त्यामुळे तुमच्या घरची खबर मला कळते. मी विचारत नाही, भाऊ माझा आपणहून सांगतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू रडतेस. मग मीच तुझी समजूत घालत बसते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की बोलायचं होतं ते राहूनच गेलं. पेणच्या कॉलेजात होतो तेव्हापासून हेच चालत आलंय. शिवाय तुझा नंबर मी ब्लॉक केलाय, आणि तो सोडवायची सध्या माझी इच्छा नाही.

तुझं आमंत्रण मिळालं. येत्या रविवारी हमरापूरला, तुमच्या गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर, तुझं 'चित्रवही साधना केंद्र' सुरू होतंय. मुंबई-पुण्याची माणसं सुट्टीला येणार, खाली मूर्ती रंगताना बघणार, मग वर बसून रोज एक पान रंगवून मन शांत कसं करायचं ते तुझ्याकडून शिकणार. अभिनंदन. आमंत्रणावर तू हाताने लिहिलंस, "तुझ्याशिवाय हे झालंच नसतं." हे मात्र अगदी खरं आहे.

गेल्या आठवड्यात अब्बांना घेऊन पनवेलला डॉक्टरकडे गेले होते. हमरापूरच्या फाट्यावर एसटी थांबली आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. फ्लेक्सवर माझी अम्मी होती. विजेच्या खांबाएवढी उंच, निळ्या ओढणीतली, हायवेकडे बघत बसलेली. खाली तुझं नाव, तुझा फोन नंबर आणि एक ओळ : अपूर्णाला पूर्ण करणं हीच साधना. अब्बा शेजारी डुलकी काढत होते म्हणून बरं. मी पनवेलपर्यंत त्यांच्या हाताला धरून बसले, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला नंतर तमीमला नीट सांगता आलं नाही.

तो फ्लेक्स उतरव. आणि ज्या पानावरून तो केलास ते पान वहीतून काढून माझ्याकडे पाठव. या पत्राचं काम एवढंच.

कारण विचारशीलच. तर आमच्यात असली चित्रं चालत नाहीत. अम्मीला जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत आणि तिचा चेहरा असा रस्त्यावर टांगलेला, लोक काय म्हणतील, जमातीतली माणसं अब्बांना काय म्हणतील, याचा तू एकदा तरी विचार केलास?

वरचं वाचलं आणि माझं मलाच हसू आलं. जमातीतलं कोणी काही म्हणालेलं नाही. उलट आमच्या सदरसाहेबांची सून मला बाजारात भेटली आणि तुझ्या शिबिराची फी किती ते विचारत होती. तेव्हा ते कारण राहू दे. तू त्यावर लगेच हात जोडून माफी मागशील आणि दोघी सुटू. मला तुला इतक्या स्वस्तात सोडायचं नाहीये.

आपल्या दोघींची ती वही कशी सुरू झाली, ते तू केंद्राच्या जाहिरातीच्या व्हिडिओत सांगतेस तसं नव्हतं. अम्मी आजारी होती. मी तुला म्हटलं होतं की माझं नमाजात लक्ष लागत नाही, कपाळ टेकून सजद्यात असले तरी डोक्यात तिच्या गोळ्यांच्या वेळा असतात. तू म्हणालीस, तुझंही तसंच आहे, देवापुढे बसलं की कारखान्यातल्या रंगांचा हिशोब सुरू होतो. म्हणून आपण ती जाड कागदाची वही घेतली. मी उजवीकडून सुरुवात करायची, कुराणासारखी. तू डावीकडून, पोथीसारखी. मध्ये कधीतरी गाठ पडेल. रोज एक पान, रंगवताना बोलायचं नाही, चांगलं-वाईट म्हणायचं नाही. आठवडाभर वही तुझ्याकडे, आठवडाभर माझ्याकडे, आणि तिची ने-आण मिथुनभाऊंच्या डब्याच्या पिशवीतून. माझ्या काही पानांना अजून तुझ्या हातच्या सुकटीचा वास असेल.

आणि एक नियम होता, तोही तूच घातलेला. दुसरीच्या पानाला हात लावायचा नाही.

त्या वहीने मला सावरलं, हे मी नाकारत नाही. पहाटे फजरच्या नमाजानंतर खिडकीशी बसायचे. ब्रश पाण्यात बुडवला की आतली कटकट थांबायची. कुंडलिकेच्या पात्रातले दगड काढले, नमाजाच्या चटईची, जानमाजची किनार काढली, अम्मीच्या उंबऱ्यात सोडलेल्या चपला काढल्या. चेहरे कधी काढले नाहीत. त्याला कोणाची बंदी नव्हती. अम्मी लहानपणी एकदा म्हणाली होती, "जीव घालता येत नाय, तर चेहरा कशाला काढायचा गो?" ते माझ्या मनात बसलं ते बसलंच. तू मात्र तुझ्या बाजूला डोळेच डोळे काढायचीस. तुझा हातच तो. कारखान्यात डोळ्यांची आखणी तुझ्याकडे, हिरामणकाका दुसऱ्या कोणाला ब्रश देत नाहीत. तेव्हा मला त्याचं केवढं कौतुक होतं.

अम्मी गेली तेव्हा तू आलीस, चार दिवस राहिलीस, आमच्या मोरीत बसून भांडी घासलीस. तेही मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर हे पत्र लिहिणं सोपं गेलं असतं.

अम्मीचा चाळीसावा दिवस झाल्यावर मी ते पान काढलं. अम्मी पाटावर बसलेली, निळी ओढणी, तिची एकेक चुणी, मांडीवर ठेवलेले हात, बोटातली घट्ट झालेली अंगठी. आणि चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. ते पान पुरं झालेलं होतं, मृणाली. मी त्या कोऱ्या जागेकडे बघत बसायचे आणि थोड्या वेळाने अम्मी यायची. रोज यायची. कधी रागावलेली, कधी डाळ करपली म्हणून वैतागलेली, एकदा तर खुदकन हसलेली. माझी इबादत म्हण, साधना म्हण, काय म्हणायचं ते म्हण, ती एवढीच होती. आठवडा संपला तेव्हा वही तुझ्याकडे पाठवायला मन होत नव्हतं. पण ठरलं होतं म्हणून पाठवली.

परत आली तेव्हा मी ती तमीमच्या काउंटरवरच उघडली. अम्मीला डोळे होते.

तुमच्या कारखान्यात डोळ्यांत पांढरं भरलेली मूर्ती बुबुळांशिवाय रात्रभर ठेवत नाहीत, हे मला माहीत आहे. तूच सांगितलं होतंस. डोळ्यांवाचून राहिलेला चेहरा तुला बघवत नाही, हेही माहीत आहे. तुझा हात आपोआप गेला असेल. वाईट हेतू नव्हता. सगळं कळतं मला, आणि त्याने काडीचाही फरक पडत नाही. ते डोळे अम्मीचे नाहीत. अम्मीची डावी पापणी जरा उतरलेली असायची, हसली की तो डोळा पुरा मिटायचा. तू काढलेत ते तुमच्या गणपतीचे डोळे. लांबट, अर्धे मिटलेले, सगळ्यांवर सारखीच माया करणारे. वर्षाला हजारो मूर्तींना जे देतेस तेच माझ्या आईलाही दिलेस.

तेव्हा मी तुला एक शब्द बोलले नाही. वही मिथुनभाऊंच्या हाती परत पाठवली आणि "ठेव तुझ्याकडेच" एवढी चिठ्ठी लावली. तू तिचा अर्थ काय घेतलास ते आता व्हिडिओत ऐकते आहे. "मैत्रिणीला तिचं दुःख पूर्ण करता येत नव्हतं. मी फक्त डोळे उघडले. तिने भरल्या मनाने वही माझ्या स्वाधीन केली." आणि मागे बासरी.

मी त्या दिवसापासून ब्रशला हात लावलेला नाही. सकाळच्या त्या वेळात आता तांदूळ निवडते.

मी रविवारी येणार नाही. फ्लेक्स उतरव. पान मिथुनभाऊंबरोबर पाठव, कुठे दुमडू नको. काकांना सलाम सांग.

अक्सा


रोहा,
१७ जानेवारी २०२५

मृणाली,

तुझं उत्तर मिथुनभाऊंनी आणून दिलं, तिळगुळाच्या डब्यासकट. तिळगूळ तमीमच्या पोरांनी संपवला. पत्र मी दोनदा वाचलं. तू कुठेही स्वतःची बाजू मांडली नाहीस, ते आवडलं. शनिवारी सकाळी फ्लेक्स उतरवतेस आणि पान त्याच दिवशी पाठवतेस असं लिहिलंयस. मी मागितलं तेवढं सगळं तू दिलंस.

आता ते करू नको. फ्लेक्स राहू दे. पानही राहू दे तिथेच.

नीट सांगते, नाहीतर तुला वाटेल मी विरघळले.

संक्रांतीच्या संध्याकाळी कुवेतहून मामेभावाने फोनवर फिरणारं तुझं आमंत्रण, अम्मीच्या चित्रासकट, आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ही आपली खतीजाफूफी ना? अम्मी त्याची आत्या लागते. तमीमने मला न सांगता ते पुसायचा प्रयत्न केला, पण दुसऱ्याने टाकलेलं आपल्याला सगळ्यांच्या फोनवरून कसं पुसता येणार. तोवर अब्बांनी त्यांच्या फोनवर उघडलेलं होतं. मी चहा घेऊन पडवीत गेले तर ते फोन नाकाशी धरून बसले होते. चहा ठेवला तरी मान वर केली नाही.

अम्मी गेल्यापासून अब्बांनी तिचं नाव घेतलेलं नाही. 'ती' म्हणतात, 'तमीमची आई' म्हणतात. रोज कब्रस्तानात जातात, फातिहा पढतात, येतात आणि गप्प बसतात. त्या दिवशी म्हणाले, "खतीजा हाय ही. डोळे बघ गो तिचे."

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या नजरेचा दोष, उद्या विसरतील. पण ते बोलायलाच लागले. साखरपुड्याला गोवे गावात गेले होते तेव्हा अम्मीने दाराच्या फटीतून त्यांना कसं बघितलं होतं, ते सांगितलं. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. "याच डोळ्यांनी बघितलं हुतं," म्हणाले आणि तुझ्या चित्रावर बोट ठेवलं. बोट लागलं तसा फोनवरचा फोटो मोठा झाला आणि पडदाभर तुझे ते दोन डोळे आले. अब्बा हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अब्बा, अम्मीची डावी पापणी खाली असायची ना जराशी?"

त्यांनी परत फोनकडे बघितलं. नीट, वेळ घेऊन बघितलं. मग म्हणाले, "नाय गो. हे बघ ना. सरळ तर हाय."

चाळीस वर्षांवर संसार केला त्यांनी तिच्याबरोबर. आणि तुझ्या एका चित्राने ती पापणी सरळ केली. साखरपुड्याच्या दिवसापासून मागे जाऊन सरळ केली. मी स्वयंपाकघरात निघून आले. मला इतका राग आला होता की तुझा नंबर सोडवून तुला शिव्या द्याव्यात असं वाटलं. पण तू रडली असतीस.

आता मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. मी मोठ्या तोऱ्यात तुला पापणीचं सांगितलं. ती मला माहिती आहे, आपला पिन कोड माहीत असतो तशी. दिसत नाही. तू डोळे काढलेस त्यानंतर मला अम्मीचे डोळे आठवलेले नाहीत. डोळे मिटले की ओढणी येते, हात येतात, अंगठी येते, आणि वर तुझे डोळे. आधार कार्डावरचा फोटो काढून बघितला. त्यात ती कोणीही बाई दिसते. लग्नांतल्या फोटोंत तिने कायम मान वळवलेली, तिला फोटो आवडायचे नाहीत. ते पान मी परत मागत होते ते लोकलाजेसाठी नव्हे. ब्लेडने ते डोळे खरवडायचे होते. कागद पुन्हा कोरा झाला तर कदाचित ती येईल, एवढी एकच आशा होती. हे मी कोणाला बोलले नव्हते, तमीमलाही नाही.

आता ते खरवडता येणार नाहीत. ते अब्बांचे झालेत.

मी त्यांना खरं सांगू शकले असते. सांगायला दोनदा पडवीत गेले. अब्बा, हे डोळे कारखान्यातले आहेत, अम्मीचे नाहीत, तुम्हीही तिला विसरलात. असं बापाला कसं म्हणायचं ते मला कळलं नाही. तुझ्या शिबिरात शिकवत असशील तर सांग.

तर रविवारी आम्ही येतोय. अब्बांना ते पान प्रत्यक्ष बघायचं आहे. सफेद झब्बा त्यांनी आजच इस्त्रीला दिला. तमीम गाडी ठरवतोय. तू त्यांना पुढच्या खुर्चीत बसव आणि पान त्यांच्या हातात दे, काचेत वगैरे घातलं असशील तर काढून दे. त्यांना हात लावून बघू दे. भाषणात त्यांचं नाव घेऊ नको. बासरी लावू नको.

आणि एक करशील. त्यांनी मला विचारलं, "त्या पोरीला कसे म्हायत खतीजाचे डोळे? तिने कुठे एवढं बघितलं हुतं?" मी म्हटलं, "मीच बसून सांगितलं अब्बा, कसे होते ते. तिने तसे काढले." ते खूश झाले. म्हणाले, "तुला बरं ध्यानात ऱ्हायलं."

रविवारी ते तुलाही विचारणार. तेव्हा माझ्याकडे बघू नको आणि रडू नको. त्यांच्याकडे बघून सांग, की अक्सा शेजारी बसून एकेक रेघ सांगत होती. पापणी कशी, बुबुळ कसं, सगळं तिला तोंडपाठ होतं, मी फक्त ब्रश धरला. असंच सांग. माझ्या आईचे डोळे मला आठवतात, हे माझ्या बापाला तुझ्या तोंडून ऐकू दे.

खतीजा आणि शरीफ यांची मुलगी,
अक्सा